ताश्कंद ते कीव्ह : मक्सिम शात्स्किखची कारकीर्द आणि सोव्हिएतोत्तर फुटबॉलमधील स्थलांतर

प्रस्तावना

१९९९-२००० च्या फुटबॉल हंगामात युक्रेनच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे २० गोल करणारा खेळाडू होता डायनॅमो कीव्हचा मक्सिम शात्स्किख. त्याच हंगामात भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये मोहन बागानच्या इगोर श्क्व्हिरिनने ११ गोल करून अव्वल स्थान मिळविले. मोहन बागान विजेता ठरला आणि गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले. कीव्ह आणि कोलकाता या परस्परांपासून अत्यंत दूर असलेल्या दोन शहरांत एकाच वर्षी गाजलेले हे दोन्ही आघाडीपटू उझबेकिस्तानचे होते.

हा योगायोग वरवर पाहता आकडेवारीची गंमत वाटेल. परंतु १९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या एका मध्य आशियाई देशातून, स्वातंत्र्यानंतर अवघ्या आठ-नऊ वर्षांत, इतके कुशल खेळाडू इतक्या भिन्न दिशांना का गेले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. भारतीय वाचकाला ताश्कंद हे नाव प्रामुख्याने जानेवारी १९६६ मधील करारामुळे आणि त्याच शहरात झालेल्या लालबहादूर शास्त्री यांच्या निधनामुळे परिचित आहे. त्या शहराच्या नंतरच्या सामाजिक इतिहासाकडे मात्र आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात शात्स्किखच्या परदेशातील कारकिर्दीचा आढावा घेऊन दोन मुद्द्यांचा विचार केला आहे. पहिला मुद्दा असा की, राजकीय नकाशा बदलल्यानंतरही जुन्या साम्राज्याचे मार्ग किती काळ टिकून राहतात? दुसरा मुद्दा असा की, एका खेळाडूचे परदेशातील यश हे त्याच्या मायदेशाचे यश मानता येते काय?

सोव्हिएत वारसा

उझबेक फुटबॉलचा इतिहास बहुतांशी पाख्ताकोर ताश्कंद या क्लबभोवती फिरतो. या क्लबची स्थापना १९५६ मध्ये झाली. ‘पाख्ताकोर’ या शब्दाचा अर्थ कापूस पिकविणारा असा आहे. सोव्हिएत नियोजनात उझबेकिस्तानकडे कापूस उत्पादनाचे काम सोपविलेले होते, आणि क्लबच्या नावातही प्रजासत्ताकाची तीच ओळख उतरली. सोव्हिएत साखळीच्या अव्वल विभागात खेळलेला हा उझबेकिस्तानचा एकमेव संघ होय. १९६८ मध्ये तो सोव्हिएत चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे टॉर्पेडो मॉस्कोने त्याचा १-० असा पराभव केला.

११ ऑगस्ट १९७९ रोजी डायनॅमो मिन्स्कविरुद्धच्या सामन्यासाठी निघालेल्या पाख्ताकोर संघाच्या विमानाची युक्रेनमधील द्नेप्रोद्झेर्झिन्स्क शहराजवळ दुसऱ्या प्रवासी विमानाशी हवेतच टक्कर झाली. दोन्ही विमानांतील १७८ जण मृत्युमुखी पडले. त्यांत पाख्ताकोरचे १७ खेळाडू व पदाधिकारी होते. त्यानंतर देशभरातील इतर क्लबांनी आपले खेळाडू ताश्कंदला दिले आणि तीन वर्षे या संघाला खालच्या विभागात न ढकलण्याचा निर्णय झाला. या घटनेतून सोव्हिएत क्रीडाव्यवस्थेचे एक वैशिष्ट्य स्पष्ट होते. एका प्रजासत्ताकातील संघ अडचणीत आला, तर दुसऱ्या प्रजासत्ताकातील खेळाडू तेथे पाठविता येत असे. कारण क्लब अनेक असले तरी व्यवस्था एकच होती. खेळाडूने ताश्कंदहून मॉस्कोला किंवा कीव्हला जाणे म्हणजे परदेशी जाणे नव्हते.

ताश्कंद शहराची घडणही येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. झारकालीन वसाहत, दुसऱ्या महायुद्धात पश्चिमेकडून हलविलेली कुटुंबे व कारखाने, आणि २६ एप्रिल १९६६ च्या भूकंपानंतर पुनर्बांधणीसाठी सर्व प्रजासत्ताकांतून आलेले कामगार यांमुळे ते बहुभाषिक शहर बनले होते. रशियन, तातार, कोरियन, ज्यू अशा अनेक समाजांची तेथे वस्ती होती. १९७९ च्या दुर्घटनेत मरण पावलेला पाख्ताकोरचा नामवंत खेळाडू मिखाईल आन हा कोरियन वंशाचा होता. म्हणूनच ‘उझबेक फुटबॉलपटू’ या संज्ञेचा अर्थ वंशावरून लावता येत नाही. तो नागरिकत्वावरून आणि मैदानावरील पोशाखावरूनच लावावा लागतो.

स्वातंत्र्य आणि निवडीचा प्रश्न

मक्सिम शात्स्किखचा जन्म ३० ऑगस्ट १९७८ रोजी ताश्कंद येथे झाला. उझबेकिस्तानने ३१ ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, म्हणजे त्याच्या तेराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी. त्याचे बालपण सोव्हिएत राजवटीच्या अखेरच्या दशकात गेले आणि तारुण्य नव्या प्रजासत्ताकात उगवले. त्याच्या पिढीतील खेळाडूंना देश बदलण्यासाठी घर सोडावे लागले नाही. त्यांच्या घराभोवतीचा देशच बदलला.

फुटबॉलवर या बदलाचा परिणाम तत्काळ झाला. १९९१ च्या अखेरच्या सोव्हिएत साखळीत पाख्ताकोर अव्वल विभागात मॉस्को, कीव्ह, मिन्स्क येथील संघांशी खेळत होता. १९९२ मध्ये उझबेकिस्तानची स्वतंत्र साखळी सुरू झाली आणि तोच संघ फरगाना, नमनगान यांसारख्या शहरांतील संघांशी खेळू लागला. स्पर्धेचा दर्जा, प्रेक्षकांचे आकर्षण आणि खेळाडूंचे उत्पन्न या तिन्ही बाबतींत ही मोठी घसरण होती. महत्त्वाकांक्षी खेळाडूला बाहेर पाहणे भाग पडले.

बाहेर पडताना त्याच्यासमोर राष्ट्रीय संघाच्या निवडीचाही प्रश्न उभा राहिला. उझबेकिस्तानच्या राष्ट्रीय संघाने आपला पहिला सामना १७ जून १९९२ रोजी दुशान्बे येथे ताजिकिस्तानविरुद्ध खेळला आणि तो २-२ असा बरोबरीत सुटला. ताश्कंदमध्ये जन्मलेले आंद्रेई प्यात्नित्स्की आणि व्हलेरी केचिनोव्ह हे दोघे सुरुवातीच्या काळात उझबेकिस्तानकडून खेळले. परंतु पुढे मॉस्कोच्या क्लबांत स्थिरावल्यावर त्यांनी रशियाचे प्रतिनिधित्व केले. प्यात्नित्स्की १९९४ च्या विश्वचषकासाठी रशियाच्या संघात होता. त्या काळातील नियमांनुसार हे शक्य होते. व्यावसायिक दृष्टीने त्यांचा निर्णय समजण्यासारखाही होता, कारण विश्वचषक खेळण्याची संधी ताश्कंदपेक्षा मॉस्कोतून अधिक जवळची होती.

दुसऱ्या बाजूला त्याच १९९४ मध्ये हिरोशिमा येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत उझबेकिस्तानने प्रथमच भाग घेऊन फुटबॉलचे सुवर्णपदक पटकावले. अंतिम सामन्यात त्याने चीनवर ४-२ असा विजय मिळविला. या विजयी संघात श्क्व्हिरिन, मिर्जलोल कासिमोव्ह आणि अझामत अब्दुराइमोव्ह यांसारखे सोव्हिएत साखळीत तयार झालेले खेळाडू होते. नवे राष्ट्र जुन्या व्यवस्थेने घडविलेल्या खेळाडूंच्या बळावर जिंकले होते. ही पुंजी मर्यादित होती, आणि हे खेळाडूही लवकरच परदेशांत विखुरले. कासिमोव्ह रशियातील व्लादिकाव्काझच्या क्लबकडून खेळला आणि १९९५ मध्ये त्या क्लबने रशियाचे विजेतेपद मिळविले. श्क्व्हिरिनचा प्रवास त्याला अखेर कोलकात्यापर्यंत घेऊन आला.

कीव्हमधील दशक

शात्स्किख किशोरवयातच रशियाला गेला. व्होल्गा नदीच्या परिसरातील लहान क्लबांतून खेळत तो बाल्टिक समुद्राकाठच्या कालिनिनग्राद शहरातील बाल्टिका संघात पोहोचला. हे संघ नामांकित नव्हते. रशियाच्या खालच्या विभागांत धडपडणारे होते. सोव्हिएत काळात ज्या शहरांत ताश्कंदचा खेळाडू स्वदेशीच मानला गेला असता, त्या शहरांत आता त्याच्यासाठी ‘लेगिओनेर’ हा शब्द वापरला जाऊ लागला. परदेशी खेळाडूला उद्देशून रूढ झालेल्या या रशियन शब्दाचा मूळ अर्थ लीजनमधील सैनिक असा आहे. भाषा तीच, रेल्वेमार्ग तेच, प्रशिक्षणाची पद्धतही तीच. बदलला होता तो केवळ पासपोर्ट.

१९९९ च्या उन्हाळ्यात डायनॅमो कीव्हने त्याला करारबद्ध केले. या क्षणाचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळच्या डायनॅमोची स्थिती पाहावी लागेल. १९९८-९९ च्या हंगामात या संघाने चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली होती. त्यानंतर संघाचा प्रमुख आघाडीपटू आंद्री शेव्हचेन्को इटलीतील ए. सी. मिलानकडे गेला. पुढच्याच वर्षी त्याचा जोडीदार सर्ही रेब्रोव्हही इंग्लंडला टॉटनहॅमकडे गेला. युरोपातील बड्या क्लबांनी कीव्हचे खेळाडू नेले आणि कीव्हने ती जागा भरण्यासाठी पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशाकडे पाहिले. संघात त्या वेळी बेलारूसचे व्हालेन्त्सिन ब्याल्केविच व आलाक्सांद्र खात्स्केविच होते आणि जॉर्जियाचा काखा कालाद्झे होता. शात्स्किख याच मालिकेतील होता. म्हणजे स्थलांतराची एक उतरंड तयार झालेली दिसते. मिलान व लंडन शिखरावर, कीव्ह मध्यावर, कालिनिनग्राद त्याखाली आणि ताश्कंद पायथ्याशी. प्रत्येक पायरी आपल्या वरच्या पायरीला खेळाडू पुरवीत होती आणि आपली उणीव खालच्या पायरीवरून भरून काढीत होती.

डायनॅमोचे प्रशिक्षक व्हलेरी लोबानोव्हस्की हे सोव्हिएत फुटबॉलमधील अत्यंत प्रभावी व्यक्तिमत्त्व होते. शारीरिक क्षमतेचे काटेकोर मोजमाप, सामूहिक हालचालींचे गणिती नियोजन आणि प्रतिस्पर्ध्यावर सतत दबाव ही त्यांच्या पद्धतीची वैशिष्ट्ये होती. त्यांच्या व्यवस्थेत एखादा खेळाडू गेल्यावर त्याची भूमिका दुसऱ्याला शिकविता येते, असे गृहीत होते. शेव्हचेन्कोची बरोबरी करणे कोणालाही अवघडच होते. तथापि शात्स्किखने पहिल्याच हंगामात २० गोल करून स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मान मिळविला. मे २००२ मध्ये लोबानोव्हस्की यांचे निधन झाले. त्यानंतरच्या २००२-०३ च्या हंगामात शात्स्किख २२ गोलांसह पुन्हा अव्वल ठरला. त्याचे यश केवळ एका प्रशिक्षकाच्या छायेतील नव्हते, हे यावरून सिद्ध होते.

तो २००९ पर्यंत डायनॅमोकडून खेळला. या दहा वर्षांत क्लबने ६ वेळा युक्रेनचे साखळी विजेतेपद आणि ५ वेळा राष्ट्रीय चषक जिंकला. याच काळात पूर्व युक्रेनमधील शाख्तार दोनेत्स्क या क्लबने ब्राझीलमधून खेळाडू आणून डायनॅमोच्या वर्चस्वाला आव्हान दिले. पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशातून खेळाडू गोळा करण्याची कीव्हची जुनी पद्धत आणि जागतिक बाजारातून खेळाडू विकत घेण्याची दोनेत्स्कची नवी पद्धत यांतील ही स्पर्धा होती. शात्स्किखची कारकीर्द पहिल्या पद्धतीच्या उत्तरार्धाशी जुळते.

२००९ मध्ये तो काही काळ कझाकस्तानातील लोकोमोतिव्ह अस्ताना या नव्या क्लबकडून खेळला. या क्लबने त्या वर्षी रशियातील अनुभवी खेळाडूही आणले होते. तेलसंपन्न कझाकस्तान हे आता स्वतः खेळाडू आकर्षित करणारे केंद्र बनत होते. त्यानंतर शात्स्किख युक्रेनला परतला आणि आर्सेनल कीव्ह, चोर्नोमोरेत्स ओडेसा व होव्हेर्ला उझ्होरोद या संघांकडून खेळला. कारकिर्दीच्या या उत्तरार्धात त्याने युक्रेनच्या अव्वल साखळीतील आपल्या गोलांची संख्या १२४ वर नेऊन रेब्रोव्हच्या १२३ गोलांचा विक्रम मागे टाकला. युक्रेनच्या राष्ट्रीय स्पर्धेतील गोलांचा विक्रम ताश्कंदमध्ये जन्मलेल्या आणि कधीही युक्रेनच्या राष्ट्रीय संघातून न खेळलेल्या खेळाडूच्या नावे नोंदविला गेला.

दोन पोशाख, एक खेळाडू

शात्स्किख उझबेकिस्तानच्या राष्ट्रीय संघातून १९९९ ते २०१४ या काळात ६१ सामने खेळला आणि त्याने ३४ गोल केले. प्यात्नित्स्की व केचिनोव्ह यांच्या तुलनेत त्याचा मार्ग वेगळा ठरला, तो येथे. क्लब परदेशी निवडला, तरी राष्ट्र बदलले नाही.

हे आकडे दोन अंगांनी वाचता येतात. ६१ सामन्यांत ३४ गोल हे प्रमाण कोणत्याही आघाडीपटूला भूषणावह आहे. परंतु १५ वर्षांत ६१ सामने म्हणजे वर्षाला सरासरी चारच सामने होतात. बहुतांश कारकीर्द आशियाई क्लबांत घालविलेला सेर्व्हेर जेपारोव्ह हा २००२ ते २०१७ या जवळपास तेवढ्याच काळात १२८ सामने खेळला. उझबेकिस्तान १९९४ पासून आशियाई महासंघाचा सदस्य आहे. त्यामुळे कीव्हमधील खेळाडूला युरोपच्या वेळापत्रकातून सुटून आशियाच्या वेळापत्रकात सामील व्हावे लागे. शेजारच्या कझाकस्तानने २००२ मध्ये युरोपीय महासंघात प्रवेश घेतला. उझबेकिस्तानने आशियातच राहणे पसंत केले. या निर्णयाचा भार परदेशी खेळणाऱ्यांच्या प्रवासावर पडला.

शात्स्किखच्या राष्ट्रीय कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाची कसोटी २००५ मध्ये आली. २००६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत उझबेकिस्तानची बहारीनशी दोन सामन्यांची लढत होती. त्यातील विजेत्याला दुसऱ्या खंडातील संघाशी अखेरची लढत देण्याची संधी मिळणार होती. ३ सप्टेंबर २००५ रोजी ताश्कंदमध्ये झालेला पहिला सामना उझबेकिस्तानने १-० असा जिंकला. या सामन्यात जेपारोव्हने पेनल्टी किकवर चेंडू जाळ्यात मारला होता. मात्र किक घेण्यापूर्वीच उझबेकिस्तानचा एक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात शिरल्याने पंचांनी तो गोल नाकारला. नियमानुसार किक पुन्हा घ्यावयास हवी होती. जपानी पंचांनी मात्र बहारीनला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. उझबेकिस्तानच्या महासंघाने तक्रार केली आणि सामन्यात ३-० असा विजय आपल्या नावे द्यावा, अशी मागणी केली. आंतरराष्ट्रीय महासंघाने पंचांची चूक मान्य केली. पण निकाल रद्द करून संपूर्ण सामना नव्याने खेळविण्याचा आदेश दिला. ज्या संघावर अन्याय झाला, त्याच संघाचा विजय त्याच्या तक्रारीमुळे पुसला गेला.

८ ऑक्टोबर २००५ रोजी झालेल्या पुनर्सामन्यात बहारीनने प्रथम गोल केला. लगेचच शात्स्किखने बरोबरी साधली. परंतु सामना १-१ असाच राहिला. चार दिवसांनी मनामा येथे ०-० अशी बरोबरी झाली आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलाच्या नियमाने बहारीन पुढे गेला. कीव्हमध्ये युरोपीय दर्जाचा मानला गेलेला आघाडीपटू संघात असूनही विश्वचषकाचे दार बंद राहिले.

हे अपयश एकटे नव्हते. २००७ च्या आशिया चषकात शात्स्किखच्या गोलाने सुरुवात करून उझबेकिस्तानने चीनला ३-० असे हरविले, पण उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून १-२ असा पराभव झाला. २०१४ च्या विश्वचषक पात्रतेत दक्षिण कोरियाएवढेच गुण मिळवूनही केवळ एका गोलाच्या फरकाने थेट प्रवेश हुकला आणि नंतर जॉर्डनविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये पराभव पत्करावा लागला. विश्वचषकाच्या मैदानावर उझबेकिस्तानचे नाव या काळात उच्चारले गेले ते पंच राव्शान इर्मातोव्ह यांच्यामुळे. त्यांनी २०१०, २०१४ आणि २०१८ अशा तीन विश्वचषकांत सामने चालविले.

मार्गांची बदलती दिशा

शात्स्किखनंतरच्या खेळाडूंचे मार्ग तपासले असता तीन टप्पे दिसून येतात. पहिला टप्पा सोव्हिएत भूगोलाचा. त्यात शात्स्किखबरोबरच पुढे द्नीप्रोपेत्रोव्हस्क व मॉस्को येथे खेळलेला आणि २०१८ मध्ये लोकोमोतिव्ह मॉस्कोकडून रशियाचे विजेतेपद मिळविलेला व्हितालिय देनिसोव्ह येतो.

दुसरा टप्पा आशियाई बाजाराचा. जेपारोव्ह २०१० मध्ये दक्षिण कोरियातील एफ. सी. सेऊलकडून विजेता ठरला आणि नंतर सौदी अरेबिया व इराणमध्येही खेळला. २००८ व २०११ असा दोन वेळा आशियातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार त्याला मिळाला. ओदिल अहमेदोव्ह रशियातील आंझी मखच्कला व क्रास्नोदार येथून २०१७ मध्ये चीनच्या शांघाय क्लबकडे गेला आणि २०१८ चे चिनी विजेतेपद मिळविणाऱ्या संघात होता. याच काळात ताश्कंदच्या बुन्योदकोर क्लबने ब्राझीलचा रिव्हाल्डो, तसेच झिको व स्कोलारी यांसारखे प्रशिक्षक आणले होते. देशातील उत्तम खेळाडू बाहेर जात असताना बाहेरची कीर्ती विकत आणण्याचा हा प्रयोग होता. तो फार काळ टिकला नाही.

तिसरा टप्पा पश्चिम युरोपचा. एल्दोर शोमुरोदोव्ह रशियातील रोस्तोव्हमार्गे २०२० मध्ये इटलीतील जेनोआकडे आणि २०२१ मध्ये रोमाकडे गेला. राष्ट्रीय संघातील शात्स्किखच्या ३४ गोलांचा विक्रम पुढे त्यानेच मोडला. २००४ मध्ये ताश्कंदमध्ये जन्मलेला बचावपटू अब्दुकोदिर खुसानोव्ह बेलारूसमधील एका छोट्या क्लबकडून फ्रान्सच्या लान्सकडे आणि जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ४ कोटी युरोंच्या मोबदल्यात मँचेस्टर सिटीकडे गेला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळणारा तो पहिला उझबेक खेळाडू होय.

खुसानोव्हच्या प्रवासातही मिन्स्क हा सोव्हिएत भूगोलातील थांबा आहे. जुना मार्ग पूर्णतः पुसला गेलेला नाही. परंतु तो आता मुक्कामाचा राहिला नसून पुढे जाण्याचा झाला आहे. शात्स्किखचा मार्ग मात्र आज शक्यच नाही. २०१४ पासून रशिया व युक्रेन यांच्यातील संघर्षाने आणि फेब्रुवारी २०२२ मधील रशियाच्या आक्रमणाने कालिनिनग्राद आणि कीव्ह यांना जोडणारा क्रीडाव्यवहार संपुष्टात आणला. १९९१ मध्ये राज्य कोसळले. त्या राज्याने निर्माण केलेले खेळाचे क्षेत्र मात्र त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ जिवंत होते आणि ते युद्धाने संपविले.

मायदेशाला काय मिळाले?

परदेशातील यशस्वी खेळाडूकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एका मतानुसार असा खेळाडू मायदेशाचा राजदूत असतो. त्याच्या यशाने मुलांना प्रेरणा मिळते आणि देशाची प्रतिष्ठा वाढते. दुसऱ्या मतानुसार तो मायदेशाच्या व्यवस्थेच्या दुर्बलतेचा पुरावा असतो. त्याला घडविले ते परदेशी क्लबने आणि त्याचा लाभही मुख्यतः त्याच क्लबला झाला.

शात्स्किखच्या संदर्भात दोन्ही मते अपुरी वाटतात. त्याला घडविण्यात कीव्हचा वाटा मोठा होता, हे नाकारता येत नाही. परंतु लोबानोव्हस्की यांच्या हाती आलेला वीस वर्षांचा तरुण हा कोरी पाटी नव्हता. ताश्कंदमधील फुटबॉलपरंपरा आणि व्होल्गाकाठच्या लहान क्लबांतील कष्ट यांतून तो तेथवर आला होता. त्याचबरोबर, एकटा राजदूत देशाला विश्वचषकात नेऊ शकत नाही, हे २००५ ने दाखवून दिले. एका उत्तम आघाडीपटूच्या मागे त्याच दर्जाचे आठ-दहा सहकारी उभे राहण्यासाठी प्रशिक्षण संस्था, वयोगटांच्या स्पर्धा आणि सातत्य यांची गरज असते.

हे कार्य पुढील पिढीत घडलेले दिसते. उझबेकिस्तानच्या १७ वर्षांखालील संघाने २०१२ व २०२५ मध्ये, तर २० वर्षांखालील संघाने २०२३ मध्ये आशियाई विजेतेपद मिळविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उझबेकिस्तानच्या फुटबॉल संघाने प्रथमच भाग घेतला. जानेवारी २०२४ मध्ये कतार येथील आशिया चषकात भारताविरुद्ध मिळविलेल्या ३-० अशा विजयातही याच पिढीतील अब्बोसबेक फैझुल्लायेव्हने पहिला गोल केला होता. अखेर ५ जून २०२५ रोजी अबू धाबी येथे संयुक्त अरब अमिरातीशी ०-० अशी बरोबरी साधून उझबेकिस्तान २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. त्या दिवशी संघाचे प्रशिक्षक होते तिमूर कपाद्झे. २००७ मध्ये चीनविरुद्धच्या विजयात शात्स्किखबरोबर गोल करणारा खेळाडू तो हाच. शात्स्किख स्वतःही २०२० च्या दशकात पाख्ताकोरचा प्रशिक्षक म्हणून ताश्कंदला परतला. परदेशात मिळविलेल्या अनुभवाचा मायदेशाला होणारा खरा लाभ बहुधा याच वाटेने, उशिरा आणि संस्थेच्या माध्यमातून होतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) राजकीय स्वातंत्र्य आणि व्यावसायिक स्वातंत्र्य एकाच दिवशी येत नाहीत. उझबेकिस्तान १९९१ मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या फुटबॉलपटूंचे मार्ग मात्र दीर्घकाळ सोव्हिएत नकाशावरूनच जात राहिले.

२) क्लबसाठी स्थलांतर करणे आणि राष्ट्र बदलणे या दोन भिन्न कृती आहेत. प्यात्नित्स्की, केचिनोव्ह व शात्स्किख हे तिघेही ताश्कंदचे. परंतु त्यांनी या प्रश्नाची दिलेली उत्तरे वेगवेगळी आहेत. त्यांपैकी कोणालाही निष्ठेच्या तराजूत तोलण्याऐवजी त्यांच्यासमोरील पर्याय समजून घेणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरते.

३) वैयक्तिक यश हे संस्थात्मक उभारणीची जागा घेऊ शकत नाही. ३४ गोल करणाऱ्या आघाडीपटूच्या काळात जे साध्य झाले नाही, ते वयोगटांच्या संघांवर वीस वर्षे काम झाल्यानंतर साध्य झाले.

४) एखाद्या मार्गाचे ऐतिहासिक मूल्य तो बंद झाल्यावर अधिक स्पष्ट होते. ताश्कंदचा एक मुलगा कालिनिनग्रादमार्गे कीव्हला जातो, तेथील राष्ट्रीय विक्रम आपल्या नावे करतो आणि तरीही उझबेकिस्तानचाच राहतो, ही गोष्ट १९९९ मध्ये कोणाला विशेष वाटली नव्हती. आजच्या परिस्थितीत ती एका संपलेल्या कालखंडाची साक्ष ठरते.

क्रीडापानांवरील गोलांचे आकडे सामना संपताच जुने होतात. पण ते कोणी, कोणत्या देशात, कोणत्या देशाचा नागरिक राहून केले हे विचारले की तेच आकडे ऐतिहासिक साधन बनतात. राज्ये, सीमा आणि बाजारपेठा बदलत असताना सामान्य माणसाने आपल्या कौशल्याच्या बळावर कसा मार्ग काढला, हे अशा साधनांतून अभ्यासता येते. शात्स्किखच्या कारकिर्दीचे महत्त्व त्याच्या १२४ गोलांइतकेच या अभ्यासातही आहे.